गादी घेताना : दुकान की मोबाईल?

मंडळी, आज बोलायचं आहे ते गादीबद्दल. विषय तसा अगदी घरगुती. पण थोडा विचार करून पाहा, घरात आपण ज्या वस्तू घेतो त्यांत गादीइतकी आंधळेपणानं घेतलेली दुसरी वस्तू क्वचितच असेल. बैल घ्यायचा तर आपण त्याचे दात पाहतो, चार पावलं चालवून बघतो, शिंगापासून खुरापर्यंत हात फिरवतो. लुगडं घ्यायचं तर पदर उलटून विणीची मागची बाजू पाहतो. गादीचं तसं नाही. तिच्या पोटात काय भरलंय ते खोळीच्या आत शिवून टाकलेलं असतं, आणि ते बरं होतं की वाईट होतं हे कळायला वर्ष-दोन वर्षं जातात. तोवर पैसे गेलेले असतात आणि पाठही धरलेली असते.

त्यात आता ही गादी डोळ्यांनी न पाहताच घ्यायची सोय झाली आहे. मोबाईलवर चित्र पाहायचं, बोट लावायचं, की चार-आठ दिवसांत एक गुंडाळी दारात येऊन पडते. तालुक्याच्या दुकानात ज्या मापाच्या गादीला, समजा, नऊ हजार सांगतात, तशीच दिसणारी गादी मोबाईलवर सहा हजारांत मिळते. तीन हजारांचा फरक म्हणजे काही थोडाथोडका नव्हे. आणि सहा हजार म्हटले तरी रोजंदारीवर जाणाऱ्या बाईची ती वीसेक दिवसांची मजुरी आहे. हे पैसे एकदा चुकीच्या ठिकाणी गेले तर त्या घरात दुसरी गादी पाच-सात वर्षं येत नाही. म्हणून हा विषय जरा खोलात जाऊन पाहू.

प्रथम आपल्या जुन्या गादीचं सांगतो. दिवाळी झाली, थंडी सुरू झाली, की खांद्यावर पिंजण टाकून पिंजारी गावात यायचा. ताणलेल्या तातीचा तो टण् टण् आवाज ऐकला की आमच्याकडची पोरं त्याच्याभोवती गोळा व्हायची. कापूस तुमच्या अंगणात, तुमच्या डोळ्यांदेखत पिंजला जाई. दहा-बारा किलो कापूस वजन करून घालायचा, खोळ शिवायची, टाके घालायचे. कापूस नवा आहे की जुना, त्यात सरकी-कचरा किती, हे घरच्या म्हातारीलाही कळे. दोन-तीन वर्षांनी गादी चेपली, गोळे झाले, की तोच कापूस पुन्हा पिंजून घ्यायचा. म्हणजे त्या व्यवहारात लपवायला जागाच नव्हती. आजही विदर्भ-खानदेशात आणि इतरत्र बऱ्याच गावी यंत्रावर कापूस पिंजून देणारे कारागीर आहेत, आणि ज्याला जमिनीवर अंथरायची गादी हवी त्याने त्यांच्याकडे आधी जावं असं माझं मत आहे. मोबाईलचा विचार त्यानंतर.

पण पलंग आला, दिवाण आला, आणि दर दोन वर्षांनी गादी उसवायला कुणाला वेळ राहिला नाही. तेव्हा फोम आला. फोम म्हणजे रसायनांचं मिश्रण फुगवून केलेला स्पंज. ज्या पॉलियुरेथेनचा तो बनतो ते द्रव्य जर्मनीत ओटो बायर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९३७ साली शोधून काढलं. पुढे १९६६ साली अमेरिकेच्या अंतराळ संस्थेसाठी, विमानाच्या आसनाला बसणारा धक्का कमी व्हावा म्हणून, एक निराळा मऊ फोम तयार झाला. हाताने दाबला की पंजाचा ठसा क्षणभर तसाच राहतो आणि मग हळूहळू भरून येतो. यालाच मेमरी फोम म्हणतात. याखेरीज नारळाच्या काथ्याला रबराचा चीक देऊन केलेल्या गाद्या आहेत, स्प्रिंगच्या आहेत, आणि रबराच्या चिकापासूनच केलेल्या लेटेक्सच्या आहेत. लेटेक्स उत्तम, पण महाग. आपल्या बजेटात बहुधा बसत नाही, म्हणून ती बाजूला ठेवू.

आता पहिला प्रश्न. मोबाईलवरची गादी स्वस्त का? माल वाईट म्हणून, असं चटकन उत्तर येतं. ते नेहमी खरं नाही. खरं कारण पुष्कळसं वाहतुकीत आहे. पार्सल नेणारे लोक वजन दोन तऱ्हांनी धरतात. एक काट्यावरचं वजन, आणि दुसरं आकाराचं वजन. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५००० ने भागायचं, ही त्यांची सर्रास चालणारी रीत. जे वजन जास्त निघेल त्याचं भाडं. आता सहा फूट बाय तीन फूट, सहा इंच जाडीची गादी घ्या. सेंटिमीटरमध्ये ती १८३ बाय ९१ बाय १५ होते. गुणाकार सुमारे अडीच लाख. पाच हजारांनी भागलं की ५० किलो! गादी काट्यावर भरते दहा किलोच्या आतबाहेर, पण भाडं पन्नास किलोचं. तीच गादी यंत्रानं दाबून, तिच्यातली हवा काढून, प्लॅस्टिकमध्ये आवळून गुंडाळली, समजा ९१ बाय ३० बाय ३०, तर आकाराचं वजन येतं सोळा किलो. पन्नासाचे सोळा झाले. शिवाय मधला घाऊक व्यापारी नाही, चौकातल्या मोठ्या दुकानाचं भाडं नाही. अमेरिकेत २०१४ च्या सुमारास या गुंडाळीच्या धंद्यानं जोर धरला, आणि आपल्याकडे बंगळूरची वेकफिट ही कंपनी २०१६ साली निघाली. आता दुकानांतून विकणारे जुने नामांकित कारखानेही मोबाईलवर आले आहेत.

या हिशेबातून एक गोष्ट आपोआप निघते, ती ध्यानात ठेवा. जी गादी आवळता येते तीच स्वस्तात घरपोच येते. फोम आवळता येतो, काही प्रकारच्या स्प्रिंगाही आवळता येतात. काथ्याची गादी आवळली तर तिचे तंतू मोडतात. ती सपाटच आणावी लागते. तेव्हा काथ्याची गादी हवी असेल तर मोबाईलवर भाव पाहून उगाच हळहळू नका. ती जवळच्या दुकानातूनच टेम्पोवर घालून आणलेली बरी.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो, आणि तो आहे फोमच्या घनतेचा. शिक्षक मंडळींनी इथे विशेष लक्ष द्यावं, कारण हा आठवी-नववीच्या वर्गात करून दाखवण्याजोगा प्रयोग आहे. एक घनमीटर फोमचं वजन किती किलो, ती त्याची घनता. बाजारात २० पासून ४० पर्यंतचे फोम गादीत येतात. घनता कमी म्हणजे आत द्रव्य कमी, हवा जास्त. असा फोम नवा असताना फार छान लागतो, दुकानात हातानं दाबून पाहिला तर फरकच कळत नाही. पण रोज साठ-सत्तर किलोचा माणूस त्यावर सात-आठ तास झोपला की त्याच्या पेशींच्या भिंती थकतात, आणि वर्षभरात कमरेखाली खळगा पडतो. मोठ्या माणसाच्या रोजच्या झोपेसाठी मुख्य थर ३२ च्या खालचा घेऊ नये, ४० चा मिळाला तर चांगलंच. पाहुण्यांसाठी, वर्षातून दहा दिवस लागणारी गादी असेल तर २५-२८ चालून जाईल.

इथे पुष्कळांचा एक गोंधळ होतो. घनता म्हणजे कडकपणा नव्हे. पापड कडक असतो, पण वजनाला किती हलका! आणि पुरणपोळी मऊसूत, पण हातात घेतली की जड. फोमचंही तसंच. कडक पण हलका फोम करता येतो आणि मऊ पण भारी फोमही करता येतो. टिकाऊपणा वजनात आहे, कडकपणात नाही. तेव्हा दुकानदार मुठीनं ठोसा मारून “बघा, कशी टणक आहे” म्हणाला, तर त्यावरून ती टिकेल असं समजू नये.

मग घनता खरी सांगितली आहे की खोटी, हे कसं पडताळायचं? वजनकाट्यावर! एक घनफूट म्हणजे घनमीटरचा ०.०२८३ भाग. म्हणून ३२ घनतेचा एक घनफूट फोम सुमारे ९०० ग्रॅम भरतो, ४० घनतेचा ११३० ग्रॅम, आणि २० घनतेचा अवघा ५७० ग्रॅम. आपली सहा बाय तीनची सहा इंची गादी म्हणजे सहा गुणिले तीन गुणिले अर्धा, नऊ घनफूट. ३२ चा फोम असेल तर ती सव्वाआठ किलोच्या आसपास भरली पाहिजे, अधिक खोळीचं किलो-दीड किलो. आणि खोळीसकट साडेसहा-सात किलोच भरली, तर आतला फोम विशीतला आहे हे कुणाला विचारायला नको. गावात धान्य मोजायचा काटा असतो, शाळेत ताणकाटा असतो. मोबाईलवर माल दाखवतानाही बरेच विक्रेते गादीचं वजन लिहितात. ते लिहिलेलं असेल तर घरबसल्या पाटीवर हा हिशेब करता येतो, आणि त्या बाबतीत मोबाईल दुकानापेक्षा सरस ठरतो. दुकानदाराला वजन विचारलं तर तो आपल्याकडे जरा विचित्र नजरेनं पाहतो. पाहू द्या. विचारावं.

या हिशेबाला दोन अपवाद सांगून ठेवतो. पहिला असा की फोमचे तुकडे दाबून, चिकटवून केलेला एक फोम असतो, त्याला रिबॉन्डेड म्हणतात. तो मुळातच फार जड आणि टणक असतो, त्याला वरचं गणित लागू नाही. तो खालच्या थराला वापरतात, आणि तिथे तो ठीक आहे. दुसरं असं की हलक्या प्रतीच्या फोममध्ये खडूसारखी पूड मिसळून वजन वाढवण्याची युक्तीही धंद्यात आहे. असा फोम दाबल्यावर झटकन उसळत नाही आणि त्याचा लवकर भुगा होतो. म्हणून वजन जुळलं तरी गादीची चेन उघडत असेल तर ती उघडून आत एकदा बघावं. दोन-तीन थरांची गादी असेल तर प्रत्येक थर किती इंचाचा आणि किती घनतेचा, हे निरनिराळं लिहिलेलं असलं पाहिजे. नुसतं “मेमरी फोम गादी” लिहिलंय आणि आत वर इंचभर मेमरी फोम, खाली पाच इंच हलका माल, असा प्रकार आढळतो. खोटं त्यांनी काहीच लिहिलेलं नसतं, पण आपण वाचायचं ते वाचलेलं नसतं.

आता पाठीचं. शेतात दिवसभर वाकून खुरपणी करणाऱ्या, डोक्यावर भारे वाहणाऱ्या माणसाची पाठ दुखतेच. त्याला कुणीतरी सांगतं, कडक गादीवर झोप, नाहीतर फळीवर झोप. ही समजूत फार जुनी. स्पेनमध्ये ३१३ कंबरदुखीच्या रुग्णांवर हे पडताळून पाहिलं होतं, आणि तो अहवाल २००३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. मध्यम टणक गादीवर झोपणाऱ्यांना, कडक गादीवर झोपणाऱ्यांपेक्षा, तीन महिन्यांनी जास्त आराम पडलेला दिसला. म्हणून मध्यम धरावी. कुशीवर झोपणाऱ्याला जरा मऊ, जाड्या माणसाला जरा टणक. गादीवर मोठ्या अक्षरांत “ऑर्थो” छापलेलं असतं, ते पाहून भुलू नका. हा शब्द छापायला कुणा डॉक्टरची सही लागत नाही. आणि दुखणं पायात उतरत असेल, मुंग्या येत असतील, तर गादी बदलण्याआधी डॉक्टरला पाठ दाखवावी.

घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल तर तो प्रश्न अगदीच निराळा. तिथे “खास रुग्णांसाठी” म्हणून कुणी महाग फोम गळ्यात मारू पाहील. चांगल्या गादीनं दाब थोडा कमी होतो खरा, पण पडून पडून होणाऱ्या जखमा टाळायला दर दोन तासांनी कूस बदलून देणं आणि कातडी कोरडी ठेवणं याला पर्याय नाही. अशा वेळी औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या, हवेचा दाब आलटून पालटून बदलणाऱ्या गादीबद्दल सरकारी दवाखान्यात विचारून घ्यावं.

आपल्या हवेचाही विचार केला पाहिजे, आणि जाहिराती लिहिणारे तो करत नाहीत. मेमरी फोम उष्णतेनं मऊ होतो आणि अंगाची ऊब धरून ठेवतो. थंड खोलीत तो छान. पण चंद्रपूर-अकोल्याच्या उन्हाळ्यात, रात्री वीज गेलेली, पंखा बंद, अशा वेळी त्यावर झोपून पाहा म्हणजे कळेल. तिथे कापूस किंवा काथ्या बरा. अगदी फोमच घ्यायचा तर मेमरीचा थर टाळावा आणि वर जाड सुती चादर घालावी. कोकणात दुसरीच तऱ्हा. पावसाळ्यात फोमची गादी थेट फरशीवर टाकून ठेवली तर खालून ओल धरते, बुरशीचे काळे ठिपके येतात. तिथे ती रोज सकाळी उचलून भिंतीला टेकवून ठेवली पाहिजे.

मापाचं थोडक्यात सांगतो. आपले पलंग गावच्या सुतारानं केलेले, त्याच्या हातच्या मापाचे. मोबाईलवरची मापं कारखान्याची आणि इंचांत : ७२ बाय ३६, ७२ बाय ४८, ७८ बाय ६०, ७८ बाय ७२. तेव्हा टेप घेऊन पलंगाच्या कडांच्या आतलं माप घ्या, तेही दोन ठिकाणी, कारण लाकूड वाकलेलं असतं. आपल्या मापाची कापून मागवलेली गादी बहुधा कुणी परत घेत नाही, हेही ध्यानात असू द्या. आणि सुंभाच्या किंवा नवारीच्या बाजेवर फोमची गादी टाकू नये. बाज मध्ये झुलते, गादीही झुलते, आणि उद्या तक्रार केली तर “सपाट आधारावर ठेवली नव्हती” एवढ्या एका वाक्यावर तुमची हमी रद्द होते.

हमीचा विषय निघालाच आहे तर तोही पाहू. दहा वर्षांची हमी, शंभर रात्रींची चाचणी, असं ठळक लिहिलेलं असतं. ही चाचणीची कल्पना मला मनापासून आवडते. दुकानात आपण पाच मिनिटं, चपला सांभाळत, दुकानदाराच्या देखत गादीवर आडवे होतो. त्यातून काय कळणार? शंभर रात्री घरी झोपून पाहणं ही खरी परीक्षा. पण खेड्यातल्या माणसानं बारीक अक्षरं वाचली पाहिजेत. गादी तुमच्या पिनकोडला पोचते, पण तिथून परत न्यायला गाडी येते का? हे दोन प्रश्न अलग आहेत. कित्येक ठिकाणी पोचवण्याची सोय असते आणि परत नेण्याची नसते. मग ते म्हणतात, तुम्हीच पार्सल करून पाठवा. आता वर केलेला हिशेब आठवा. फुगलेली गादी पुन्हा गुंडाळता येत नाही. तिचं भाडं पन्नास किलोचं होणार! म्हणून पैसे भरण्याआधीच कंपनीला लेखी विचारावं : आमच्या पिनकोडवरून तुमच्या खर्चानं गादी उचलाल का? उत्तर आलं की ते जपून ठेवावं. डाग पडला तर परत घेत नाहीत, म्हणून पहिल्या रात्रीपासून वर अभ्रा हवा. दहा वर्षांच्या हमीतही बहुतेक कंपन्या एक-दीड इंचापेक्षा खोल खळगा पडला तरच तो दोष धरतात. सुतळी ताणून खळगा मोजावा लागतो. आपल्या पाठीला तो पाऊण इंचालाच कळलेला असतो, पण कागदाला कळत नाही.

कायदा काय म्हणतो? २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला, आणि त्याच आठवड्यात, २३ जुलैला, ऑनलाइन व्यापाराचे नियम आले. माल सदोष असेल, जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल, किंवा कबूल केलेल्या मुदतीनंतर आला असेल, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला वा पैसे द्यायला नकार देता येत नाही. तक्रार अधिकारी नेमणं बंधनकारक आहे. त्यानं ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याच्या आत ती निकालात काढायची. पण एक भेद नीट समजून घ्या. गादी सदोष निघाली तर कायदा तुमच्या बाजूनं आहे. गादी चांगली आहे, पण मला आवडली नाही, असं असेल तर तिथे कायदा नाही, फक्त कंपनीनं दिलेला शब्द आहे. म्हणून “३२ घनता” हे शब्द ज्या पानावर लिहिले आहेत त्याचा फोटो खरेदीच्या दिवशीच काढून ठेवावा. वजन जुळलं नाही तर ते प्रकरण नावडीचं राहत नाही, दोषाचं होतं.

विक्रेता ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. नव्या कायद्यानं एक मोठी सोय केली आहे. कंपनी बंगळूरची असो की दिल्लीची, तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. मुदत मात्र दोन वर्षांची. या बाबतीत दुकानदार आणि मोबाईल यांना कायदा एकच, फक्त दुकानात पावती आपण मागून घ्यावी लागते. “पावती नको असेल तर पाचशे कमी” असं कुणी म्हणालं तर ते पाचशे रुपये तुमच्याच हमीची किंमत आहेत.

मोबाईलवर खरेदी करताना पडद्यावर आकडे पळत असतात. “फक्त दोन शिल्लक”, “सूट संपायला अकरा मिनिटं”. उद्या पाहिलं तर पुन्हा अकरा मिनिटंच असतात. आठवडी बाजारात “आज शेवटचा दिवस, मामा” म्हणणारा बोहारी आपल्याला ओळखता येतो, हाही तोच. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा तेरा युक्त्यांची यादी काढून त्यांना मनाई केली आहे. खोटी घाई दाखवणं, शेवटच्या क्षणी किंमत वाढवणं, न मागितलेली वस्तू टोपलीत घालणं, हे सारे त्यात आहे. तेव्हा पैसे देण्याच्या पानावर उशी, अभ्रा, विमा असं काही आपोआप चढलेलं नाही ना, ते पाहून घ्यावं. लोकांचे अभिप्राय वाचताना पाच तारेवाले सोडून द्या. “कालच आली, फार छान आहे” याला काही अर्थ नाही, नवी असताना सगळ्याच छान असतात. दोन-तीन तारे देऊन “वर्षभर वापरली” असं ज्यानं लिहिलंय त्याचं वाचा.

अनोळखी विक्रेता असेल तर माल आल्यावर पैसे देण्याची सोय निवडावी. कंपनीचा फोन क्रमांक तिच्या पावतीवरून घ्यावा, इंटरनेटवर शोधून मिळालेल्या क्रमांकावर फसवणारेच बसलेले असण्याचा धोका असतो. “पैसे परत करतो, पिन टाका” असं कुणी म्हणालं की फोन ठेवून द्या. पैसे मिळवायला पिन लागत नाही, पैसे द्यायला लागतो. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर कळवावं.

मग दुकानात जावंच नाही का? जावं की! माझा सल्ला असा आहे की घ्यायची कुठूनही असो, आधी दुकानात जाऊन चार गाद्यांवर पाच-पाच मिनिटं कूस बदलून पडून यावं. चार इंची, सहा इंची, मऊ, मध्यम, यांतलं आपल्याला काय मानवतं ते अंगाला कळू द्यावं. लाजू नये, आणि नवरा-बायको दोघांनी जावं. मग मोबाईलवरचा भाव दुकानदाराला मोकळेपणानं दाखवावा. पुष्कळदा तो हजार-दीड हजार खाली येतो. शंभर-दोनशेचा फरक उरला तर मी दुकानातूनच घेईन. उद्या खळगा पडला तर त्याचं दार ठोठावता येतं. फरक दोन-अडीच हजारांचा राहिला, वजनाचा हिशेब जुळला आणि परत नेण्याची लेखी कबुली मिळाली, तर मोबाईलवरून मागवायला काहीच हरकत नाही. आश्रमशाळेच्या किंवा वसतिगृहाच्या गाद्या घ्यायच्या असतील तर आधी एकच मागवावी, महिनाभर एखाद्या धष्टपुष्ट मुलाला तिच्यावर झोपवावं, आणि मग बाकीच्या वीस.

गादी आली की गुंडाळी लगेच उघडावी, माळ्यावर टाकून लग्नापर्यंत तशीच ठेवू नये. दाबून ठेवलेला फोम फार दिवस राहिला तर पुरता फुगत नाही. कात्री आत घालू नका, खोळ कापली जाते. उघडतानाच कुणाला तरी मोबाईलवर चित्रण करायला सांगा, आणि आतल्या चिठ्ठीचा, म्हणजे कारखान्याचं नाव, माप, किंमत, तयार केल्याचा महिना यांचा, फोटो घ्या. पुरती फुगायला एक ते तीन दिवस लागतात. रसायनाचा थोडा वास येतो, तो दारं-खिडक्या उघड्या ठेवल्या की काही दिवसांत जातो. आठवड्यानंतरही जाडी कमी भरली तर तेव्हाच कळवावं.

आणि एक सवय मात्र बदलावी लागेल. आपल्याकडे गादीला ऊन दाखवायची रीत आहे, आणि कापसाच्या गादीला ती उत्तमच. फोमला ऊन सोसत नाही. उन्हानं तो पिवळा पडतो, ठिसूळ होतो, चोळला की भुगा हातात येतो. त्याला सावलीत, वाऱ्यावर उभा करावा. दर दोन-तीन महिन्यांनी डोक्याची बाजू पायाकडे करावी. एकाच थराची असेल तर उलटीही करावी. थरांची असेल तर उलटू नये, कारण वरचा थर वरच राहायला हवा.

जुनी कापसाची गादी तेवढी टाकून देऊ नका. तिच्यातला कापूस पिंजून घेतला तर पाहुण्यांसाठी दोन पातळ गाद्या निघतात, आणि उरलेल्यात एखादी उशी.